शाळकरी मुलांच्या अंगावरची चरबी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

शाळकरी मुलांच्या वाढत्या वजनाविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि विषय मुलांचा असल्यामुळे पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा १० वर्षांचा आहे. शाळेतील आरोग्य तपासणीत त्याचा बीएमआय १९ आला आणि कार्डावर ‘जास्त वजन’ असा शेरा मारला गेला. तो रोज पोहायला जातो आणि अंगाने घट्ट आहे. मोठ्यांच्या तक्त्यात तर २५ पर्यंतचा आकडा ठीक मानतात. मग १९ जास्त कसा?

उत्तर : शेरा चुकीचा नाही, पण ते निदानही नाही. ‘या मुलाकडे जरा नीट पाहा’ एवढाच त्याचा अर्थ आहे. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय येतो. बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केतले यांनी १८३० च्या दशकात हे गुणोत्तर मांडले, तेव्हा त्यांना कोणाची चरबी मोजायची नव्हती. ‘सरासरी माणूस’ कसा असतो, हे त्यांना शोधायचे होते. आज रूढ असलेले ‘बॉडी मास इंडेक्स’ (बीएमआय) हे नाव त्याला १९७२ मध्ये अँसेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. काट्यावर उभ्या असलेल्या शरीरात स्नायू किती, हाडे किती आणि चरबी किती, हे या आकड्याला कळत नाही.

मोठ्यांचा २५ हा आकडा मुलांना लावता येत नाही, कारण मुलांचा बीएमआय वयाबरोबर सरळ रेषेत वाढत नाही. पहिल्या वर्षात बाळ बाळसे धरते, मग ते चालू-धावू लागले की हा आकडा उतरत जातो, साधारण पाच-सहा वर्षांच्या सुमारास तळ गाठतो आणि तेथून पुन्हा चढू लागतो. ज्या मुलांत हा तळ लवकर येऊन जातो, त्यांच्यात पुढे स्थूलता अधिक आढळते, हे निरीक्षण १९८० च्या दशकापासून नोंदले गेले आहे. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये ५ ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी वयानुसार वेगवेगळे तक्ते दिले. त्यांत सरासरीपासून एका प्रमाण विचलनापलीकडे (आकडे सरासरीभोवती किती विखुरलेले आहेत, त्याचे हे माप) ‘जास्त वजन’ आणि दोनांपलीकडे ‘स्थूल’ असे म्हणतात. दहा वर्षांच्या मुलग्यासाठी या दोन रेषा साधारण १८.५ आणि २१.४ वर आहेत. एकोणिसाव्या वर्षी त्याच रेषा मोठ्यांच्या २५ आणि ३० ला जाऊन मिळतात. तुमचा मुलगा पहिल्या रेषेच्या जेमतेम पलीकडे आहे.

आता तो ‘घट्ट’ आहे की नाही, हे पाहायचे तर चरबीच मोजावी लागेल. त्याची जुनी आणि अजूनही उपयोगी पद्धत म्हणजे कॅलिपर नावाचा चिमटा. खांद्याचे टोकाचे हाड आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, दंडाच्या मागच्या बाजूला खूण करायची. हात सैल सोडायला सांगायचा. अंगठा आणि तर्जनीने कातडी व तिच्याखालची चरबी यांची घडी स्नायूपासून अलगद उचलायची. बोटांच्या एक सेंटिमीटर खाली चिमटा लावायचा, दोन सेकंद थांबायचे आणि आकडा वाचायचा. हे तीनदा करायचे. मूल गुदगुल्या होऊन हसले की दंड आवळला जातो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. सरावलेल्या आणि बिनसरावाच्या हातांत काही मिलिमीटरचा फरक सहज पडतो. म्हणून दर वेळी एकाच व्यक्तीने मोजणे बरे. चरबीची टक्केवारी दाखवणारे घरगुती वजनकाटे अंगातून अगदी क्षीण विद्युतप्रवाह सोडून शरीरातील पाण्याचा अंदाज घेतात आणि त्यावरून चरबीचे गणित मांडतात. त्यामुळे मूल खेळून घामाघूम झालेले असताना एक आकडा येतो आणि दोन पेले पाणी प्यायल्यावर दुसरा. त्या टक्केवारीवर फार विसंबू नये.

घरी करण्याजोगी सर्वांत सोपी गोष्ट म्हणजे टेप. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी आहे का, ते पाहा. उंची १४० सेंटिमीटर असेल तर घेर ७० च्या आत हवा. तसा तो असेल, मूल रोज पोहत असेल आणि गेल्या दोन वर्षांत त्याची रेषा तक्त्यावर एकदम वर उसळलेली नसेल, तर सहा महिन्यांनी पुन्हा मोजा आणि तोवर त्याच्यासमोर हा विषय काढू नका.

प्रश्न : सकाळी न खाणारी मुले जाड होतात, असे वाचले. माझी १२ वर्षांची मुलगी शाळेत जाण्यापूर्वी काहीच खात नाही आणि तिचे वजनही वाढले आहे. तिला बळेच खायला लावावे का?

उत्तर : बळेच खायला लावू नका. न्याहारी टाळणाऱ्या मुलांत सरासरीने अधिक चरबी आढळते, हे पाहणी-अभ्यासांतून वारंवार दिसलेले आहे आणि मी ते नाकारत नाही. परंतु दोन गोष्टी सोबत आढळणे वेगळे आणि एकीमुळे दुसरी होणे वेगळे. मुलांच्या वजनाविषयी जे काही छापून येते, त्यातील बराचसा गोंधळ याच एका ठिकाणी होतो, म्हणून हे उत्तर थोडे लांबवतो.

ज्या मुलीचे वजन आधीच वाढलेले आहे आणि जिला ते खुपते आहे, ती वजन उतरावे म्हणून सकाळचे खाणे सोडते. तिची पाहणी केली तर ‘न्याहारी नाही, वजन जास्त’ अशी नोंद होईल. पण येथे वजन आधी आले आणि न्याहारी नंतर सुटली. दुसरी शक्यता झोपेची. रात्री उशिरापर्यंत जागणारे मूल उशिरा जेवते, सकाळी जेमतेम उठते, त्याला भूक नसते आणि वेळही नसतो. अशा मुलाचे वजन वाढण्यात न्याहारी टाळण्यापेक्षा जागरणाचा वाटा मोठा असू शकतो.

तिसरी अडचण अशी की माणसे काय खाल्ले ते नीट सांगत नाहीत, आणि वजन जास्त असणारी माणसे त्यात अधिक हात राखून सांगतात. हे केवळ संशयावरून म्हणत नाही. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे जड, पण निरुपद्रवी समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचे अधिक वजनाचे अणू) असलेले पाणी प्यायला देऊन आणि पुढचे काही दिवस लघवीचे नमुने तपासून शरीराने खरोखर किती ऊर्जा खर्च केली, ते काढता येते. त्या आकड्याशी ताडून पाहिले की खाण्याची वही अनेकदा खोटी पडते. ‘स्थूल मुले इतरांपेक्षा कमीच खातात’ असा चमत्कारिक निष्कर्ष काही पाहण्यांतून निघतो, त्याचे मूळ बहुधा येथेच असते.

कार्य आणि कारण यांची अशी अदलाबदल हालचालीच्या बाबतीतही होते. इंग्लंडमधील प्लिमथ येथील ‘अर्लीबर्ड’ अभ्यासात सुमारे २०० मुलांची हालचाल आणि चरबी, दोन्ही ७ ते १० या वयात दरवर्षी यंत्राने मोजली गेली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा होता की आधी चरबी वाढली आणि मग हालचाल मंदावली. आधी हालचाल घटली आणि मग चरबी वाढली, असे त्या मुलांत दिसले नाही. एका अभ्यासावरून जगाचा न्याय करू नये. तरीही ‘आळशी आहे म्हणून जाड झाला’ असे म्हणण्यापूर्वी थांबावे, इतके त्याचे वजन नक्कीच आहे.

तुमच्या मुलीबाबत मी आधी रात्रीकडे पाहीन. जेवण किती वाजता होते, जेवणानंतर आणखी काही तोंडात टाकले जाते का, ती झोपते किती वाजता? हे अर्धा-पाऊण तास अलीकडे आले की सकाळची भूक पुष्कळदा आपसूक लागते. तोवर तिच्या डब्यात मधल्या सुटीसाठी पोटभरीचे काही द्या, म्हणजे भुकेच्या पोटी पुडीतल्या खाण्यावर तुटून पडण्याची वेळ येणार नाही.

प्रश्न : सगळेच एकदम बदलणे जमणार नाही. एकच पदार्थ बंद करायचा झाला तर कोणता? घरचा फळांचा रस चालेल ना?

उत्तर : गोड पेये. येथे मला एरवीइतके ‘परंतु’ लावावे लागत नाहीत, कारण हा मुद्दा केवळ पाहणीवर उभा नसून प्रत्यक्ष प्रयोगावर उभा आहे. अ‍ॅम्स्टरडॅममधील संशोधकांनी साधारण ५ ते ११ वर्षांच्या ६४१ मुलांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली. प्रत्येक मुलाला १८ महिने रोज एक २५० मिलिलिटरचा डबा मिळत होता. एका गटाच्या डब्यात साखरेचे पेय होते, त्यातून १०४ किलोकॅलरी जात. दुसऱ्याच्या डब्यात तशाच चवीचे, पण बिनसाखरेचे. कोणाला काय मिळते आहे, हे मुलांना ठाऊक नव्हते. २०१२ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला : साखरेच्या गटातील मुलांचे वजन सरासरी ७.३७ किलो वाढले, बिनसाखरेच्या गटातील मुलांचे ६.३५ किलो. दंडावरची घडी आणि अंगातील चरबी यांतही फरक त्याच दिशेने पडला. दिवसाला एक डबा आणि दीड वर्षात एक किलो.

असे होण्याचे कारण असे की पिऊन घेतलेल्या ऊर्जेची नोंद पोट तितक्या काटेकोरपणे ठेवत नाही. तेवढ्याच कॅलरी चावून खाल्ल्या तर पुढच्या जेवणात मूल थोडे कमी खाते. प्यायल्या तर जेवण बहुधा नेहमीएवढेच होते.

हे मुलांना सांगण्यापेक्षा दाखवावे. बाटलीच्या वेष्टनावर १०० मिलिलिटरमागे साखर किती ग्रॅम, ते लिहिलेले असते. समजा १०.५ ग्रॅम आहे आणि बाटली ३०० मिलिलिटरची आहे, तर साखर साधारण ३२ ग्रॅम झाली. सपाट चमचाभर साखर सुमारे ४ ग्रॅम भरते. आता मुलाच्या हातात चमचा आणि साखरेचा डबा द्या आणि रिकाम्या पेल्यात आठ चमचे मोजायला सांगा. पाचव्या चमच्यानंतर मुले आपल्या तोंडाकडे पाहू लागतात, असा माझा अनुभव आहे. वेष्टन वाचताना एका चलाखीकडे मात्र लक्ष ठेवा : ‘एका वाढणीत’ असा आकडा मोठ्या अक्षरांत असतो आणि एका बाटलीत अडीच वाढण्या आहेत, हे बारीक अक्षरांत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनेनुसार मुक्त शर्करा (म्हणजे खाण्यापिण्यात वरून घातलेली आणि मध-रसांतील साखर) दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी आणि शक्य तर ५ टक्क्यांच्या आत. दिवसाला १६०० किलोकॅलरी लागणाऱ्या मुलासाठी १० टक्के म्हणजे ४० ग्रॅम. वरच्या एका बाटलीत त्यातील बहुतेक संपले.

आणि हो, या मुक्त शर्करेत मध येतो आणि फळांचा रसही येतो, मग तो घरी काढलेला का असेना. एक पेला रस काढायला तीन-चार संत्री लागतात. तीन संत्री सोलून एका बैठकीत खाणारे मूल विरळा, पण पेला दोन मिनिटांत रिता होतो आणि चोथा मागे राहतो. सात वर्षांवरील मुलांना दिवसाला २४० मिलिलिटरहून अधिक रस देऊ नये, अशी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०१७ ची शिफारस आहे. मी तर म्हणेन की फळच द्या. तहानेला पाणी आणि प्यायला काही हवेच असेल तर साखर न घातलेले दूध.

प्रश्न : सासूबाई नातवाच्या ताटात आग्रहाने वाढतात आणि ताटात काही टाकायचे नाही, असा घरचा नियम आहे. ‘खात्या अंगाचा आहे, उंची वाढली की उतरेल’ असे त्या म्हणतात. मी बोलले की वाद होतो. कोणाचे बरोबर?

उत्तर : निम्मे त्यांचे, निम्मे तुमचे. आधी त्यांचे पाहू. वाढत्या वयातील मुलाचे वजन उतरवावे लागतेच असे नाही. ते काही काळ आहे तेथे थोपले तरी उंची आपले काम करते. १३० सेंटिमीटर उंची आणि ३६ किलो वजन असलेल्या मुलाचा बीएमआय २१.३ होतो. वजन तेवढेच राहून उंची १३६ सेंटिमीटर झाली की तो १९.५ वर येतो, आणि शाळकरी वयात सहा सेंटिमीटर ही साधारण वर्षभराची वाढ आहे. म्हणून सौम्य प्रमाणात वजन वाढलेल्या मुलाला मोठ्यांसारखे ‘डाएट’ करायला लावणे मला पटत नाही.

परंतु उंचीने आपोआप उतरेल, हा भरवसा धोक्याचा आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात असे दिसले की बालपणी स्थूल असलेल्यांपैकी सुमारे ५५ टक्के मुले किशोरवयातही स्थूल राहिली आणि किशोरवयात स्थूल असलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के मोठेपणीही. उंची वाढते तसे ताटातले वाढणेही वाढत गेले, तर उतरायला वाव उरत नाही.

आता ताटाविषयी. बालवाडीच्या वयाच्या मुलांवर झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात मुख्य पदार्थ दुप्पट वाढला, तेव्हा मुलांनी तो सुमारे २५ टक्के अधिक खाल्ला. त्यांचा घास मोठा झाला होता. त्याच मुलांना स्वतःच्या हाताने वाढून घेऊ दिले, तेव्हा मोठी वाढणी समोर ठेवली असतानापेक्षा त्यांनी कमी घेतले. पोट भरल्याची जाणीव मुलाला असते. ‘ताट स्वच्छ कर’ हा नियम ती जाणीव बाजूला सारून ताटाच्या कडेकडे पाहायला शिकवतो. अन्न वाया जाऊ नये, ही भावना योग्यच आहे. तिचा मान राखायचा तर आधी कमी वाढावे आणि मागितले तर पुन्हा वाढावे.

वाद टाळण्याचा उपायही यातच आहे. सासूबाईंना ‘वाढू नका’ असे सांगण्याऐवजी नातवाला स्वतःचे ताट स्वतः वाढून घ्यायला शिकवण्याचे काम त्यांच्याकडेच सोपवा. प्रेम दाखवण्याची जागा कोणी काढून घेतली, असे त्यांना वाटता कामा नये. मात्र दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. एखादा खाऊ डोळ्यांसमोर ठेवून त्याला बंदी केली की मुलांचे लक्ष त्याच्याकडेच लागते आणि मुभा मिळताच ती त्यावर अधिक ताव मारतात, हे १९९९ च्या एका प्रयोगात स्पष्ट दिसले आहे. जे रोज द्यायचे नाही ते घरात साठवूच नये. ते कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून पहारा करण्यात काही हशील नाही.

प्रश्न : मुलगा रोज चार तास मोबाइल आणि टीव्ही पाहतो. बसून राहिल्याने चरबी वाढते, असे सांगून पाहिले; तो ऐकत नाही.

उत्तर : बसून राहणे हा त्यातला लहान भाग असावा. कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील दोन शाळांत तिसरी-चौथीच्या मुलांवर एक प्रयोग झाला आणि १९९९ मध्ये त्याचा अहवाल आला. एका शाळेत सहा महिने वर्गात धडे घेऊन टीव्ही, व्हिडिओ आणि व्हिडिओ गेम यांचा वेळ कमी करायला शिकवले. आहार किंवा व्यायाम शिकवला नाही. त्या शाळेतील मुलांचा बीएमआय, दंडावरची घडी आणि कमरेचा घेर दुसऱ्या शाळेपेक्षा कमी वाढला. गंमत अशी की त्यांच्या दमवणाऱ्या हालचालीत लक्षात येण्याजोगा फरक नव्हता. टीव्हीसमोर बसून केलेली जेवणे मात्र कमी झाली होती. पडद्याकडे डोळे असताना हात पुडीत जात राहतो आणि किती खाल्ले याची आठवण राहत नाही. त्यात खाण्याच्या जाहिराती, आणि सर्वांत महाग पडणारी गोष्ट म्हणजे झोप.

६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. ८ ते ११ वर्षांच्या ३७ मुलांवरील एका लहानशा प्रयोगात त्यांना एक आठवडा नेहमीपेक्षा दीड तास अधिक आणि एक आठवडा दीड तास कमी अंथरुणात ठेवले. झोप वाढली त्या आठवड्यात मुलांनी, कमी झोपेच्या आठवड्याच्या तुलनेत, दिवसाला सरासरी १३४ किलोकॅलरी कमी खाल्ल्या. खाण्याविषयी त्यांना कोणी काही सांगितले नव्हते. हा आकडा वर सांगितलेल्या गोड पेयाच्या डब्याहून मोठा आहे, हे लक्षात घ्या.

म्हणून चार तासांवर भांडण्याऐवजी दोनच नियम करा : जेवताना आणि खाताना पडदा नाही, आणि रात्री मोबाइल निजायच्या खोलीत नाही. दुसरा नियम घरातील मोठ्यांनाही लागू असला पाहिजे. नाही तर तो आठवडाभरही टिकणार नाही. सुटीत हे नियम विशेष जपा. अमेरिकेतील १८ हजारांहून अधिक लहान मुलांच्या नोंदी बालवर्गापासून दुसरीपर्यंत तपासल्या, तेव्हा जास्त वजनाचे प्रमाण शाळा चालू असताना नव्हे, तर उन्हाळी सुटीत वाढत गेलेले आढळले. सुटीत उठण्या-निजण्याचा आणि खाण्याचा ठरलेला क्रम मोडतो, हे त्याचे सर्वांत पटण्याजोगे स्पष्टीकरण आहे.

प्रश्न : मुलगी तीन महिने रोज तासभर मैदानावर खेळते, तरी काटा हलत नाही. मग खेळाचा काय उपयोग?

उत्तर : काटा चुकीची गोष्ट मोजतो आहे. ७ ते ११ वर्षांच्या, वजन जास्त असलेल्या २२२ मुलांवरील एका प्रयोगात काहींना शाळा सुटल्यावर रोज २० मिनिटे, काहींना ४० मिनिटे धावपळीचे खेळ दिले आणि उरलेल्यांना दिले नाहीत. १३ आठवड्यांनी खेळलेल्या दोन्ही गटांत शरीरातील चरबीचे प्रमाण, पोटातील अवयवांभोवतीची चरबी आणि इन्सुलिनला शरीर देत असलेला विरोध, तिन्ही कमी झाले. अधिक वेळ खेळलेल्यांना अधिक लाभ झाला. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी, ही जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस तुमची मुलगी पाळते आहेच. काटा बाजूला ठेवा आणि टेप घ्या. फक्त खेळून आल्याचे बक्षीस म्हणून गोड पेय देत असाल तर ते थांबवा.

प्रश्न : आम्ही दोघेही जाड आहोत. मुलांचे रक्तातच असेल तर प्रयत्न कशाला?

उत्तर : रक्तात असते, हे खरे. ८ ते ११ वर्षांच्या ब्रिटिश जुळ्यांच्या २००८ मधील अभ्यासात मुलामुलांमधील बीएमआयच्या फरकांपैकी सुमारे ७७ टक्के वाटा आनुवंशिकतेचा आढळला. पण तो एकाच काळातील मुलांच्या आपापसांतील फरकांचा हिशेब आहे. जगात ५ ते १९ वयोगटातील स्थूल मुले १९७५ मध्ये सुमारे १ कोटी १० लाख होती, ती २०२२ मध्ये सुमारे १६ कोटी झाली. तेवढ्या काळात माणसाचे जनुक बदलत नाहीत. बदलते ते भोवतालचे खाणे आणि जगणे. तुमच्या मुलांना पुडीतले खाणे समोर दिसल्यावर हात आवरणे इतरांपेक्षा जड जात असेल, तर ते समोर न ठेवण्याचा लाभही त्यांनाच अधिक होईल.

प्रश्न : डॉक्टरांकडे केव्हा न्यावे?

उत्तर : वजन वाढते आहे, पण उंची वाढायची थांबली आहे, असे दिसले तर लगेच. नुसत्या जास्त खाण्याने जाड झालेली मुले बहुधा वयाच्या मानाने उंच असतात. बुटके राहून जाड होणारे मूल असेल तर थायरॉइड आणि इतर अंतःस्रावी ग्रंथींची तपासणी करावी लागते. मानेवर किंवा काखेत धुऊन न जाणारी, मखमलीसारखी काळसर कातडी दिसली, मूल रोज मोठ्याने घोरत असेल आणि झोपेत श्वास अडत असेल, खूप तहान आणि वारंवार लघवी होत असेल, किंवा स्टेरॉइडसारखे औषध चालू झाल्यापासून वजन वाढले असेल, तरीही वाट पाहू नये.

प्रश्न : मी १३ वर्षांची आहे. माझे वजन ५४ किलो आहे. वर्गात मला चिडवतात. मी दोन दिवसांपासून दुपारचा डबा खाल्लेला नाही. किती दिवसांत फरक पडेल?

उत्तर : उद्या डबा खा. तू लिहिलेस हे फार चांगले केलेस. पण नुसत्या ५४ या आकड्यावरून तुझे वजन जास्त आहे की नाही, हे मलाही सांगता येणार नाही, कारण पत्रात उंची लिहायची राहिली आहे. उंची १६० सेंटिमीटर असेल तर ५४ किलो तुझ्या वयाला नेहमीसारखेच आहे. या वयात मुलींच्या अंगावर, विशेषतः मांड्या आणि कंबर यांच्या भोवती, चरबी वाढतेच. पाळी सुरू होण्याच्या आसपास शरीर ती मुद्दाम साठवते, त्यात तुझी काही चूक नाही.

दुपारी उपाशी राहिलीस की संध्याकाळी इतकी भूक लागते की हाताला येईल ते खाल्ले जाते. दोन दिवसांत तुलाही ते जाणवले असेल. शिवाय हाडे आणि उंची वाढायचे हेच दिवस आहेत आणि त्यांना खाणे लागते.

चिडवण्याचा प्रश्न वजनाचा नाही आणि तो तू एकटीने सोडवायचाही नाही. हे पत्र आईला, बाबांना किंवा तुला जवळच्या वाटणाऱ्या शिक्षकांना दाखव. त्यांना उद्देशून मी दोनच गोष्टी लिहितो : वजनावरून चिडवल्या जाणाऱ्या मुलांचे वजन पुढे कमी नव्हे, तर अधिकच वाढलेले अभ्यासांत दिसले आहे, आणि मूल जेवण टाळत असेल, जेवल्यावर मुद्दाम उलटी काढत असेल किंवा वारंवार काट्यावर उभे राहत असेल, तर वजन कितीही असो, डॉक्टरांना भेटायला हवे. उंची भिंतीला टेकून, चपला काढून, दुसऱ्या कोणाकडून तरी मोजून घे आणि मला पुन्हा लिही.